चौदावा चमचा

मी एक जुनी फाईल आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. छत्री, खुर्ची, दप्तर यांच्या कहाण्या तुम्ही प्रेमानं ऐकता, मग माझीही ऐका. मी त्यांच्याइतकी गोड मात्र नाही. तेवीस वर्षं मी पोटात राग घेऊन पडून होते.

ग्रीसमधल्या एका बंदराच्या गावी, पोलीस ठाण्यात, १९६५ साली माझा जन्म झाला. करड्या पुठ्ठ्याला भोकं पाडून सुतळी ओवली आणि वर नाव घातलं : हारुला, वय वीस. हारुला शिक्षिका व्हायला निघाली होती आणि तरुणांच्या एका संघटनेत होती. ही पोरं वाचनालय चालवत, झाडं लावत, शांततेसाठी मोर्चे काढत. सरकारला त्यामागे कम्युनिस्टांचा हात दिसे. तो हात काही सापडेना, म्हणून मला जन्माला घातलं.

आमच्याकडे माणसाला ज्या संताचं नाव ठेवलं, त्या संताच्या दिवशी, म्हणजे नामदिनाला, त्याच्या घराचं दार सताड उघडं असतं. आमंत्रण कुणालाच नसतं आणि आलेल्याला कुणी परत धाडत नाही. प्रत्येक पाहुण्याला मुरांब्याचा एक चमचा आणि पेलाभर पाणी मिळतं. हारुलाचा नामदिन दहा फेब्रुवारीला, तर शेजारचा शिंपी वलासिस याचा अकराला. १९६६ साली वलासिस तिच्याकडे सगळ्यांच्या आधी आला आणि सगळ्यांच्या नंतर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आमच्या हवालदारासमोर बसला होता.

“किती जण जमले होते?”

“चौदा चमचे निघाले, साहेब. तिच्या आईनं धुताना मोठ्यानं मोजले.”

“लाल काही दिसलं?”

“मुरांबा लाल होता, चेरीचा.”

“लिहितो.”

“अहो, तो तुमच्या घरीही लालच असतो!”

“माझ्या घरचं राहू दे. नावं सांग.”

वलासिसनं नावं सांगितली, हवालदारानं ती चमच्यांच्या आकड्यासकट माझ्यात उतरवली. खाली ‘विश्वासू माणसाकडून’ एवढंच लिहिलं. त्या महिन्यापासून ठाण्याचे गणवेश वलासिसकडे शिवायला जाऊ लागले.

पुढच्या वर्षी लष्करानं सत्ता बळकावली. माझ्यातल्या यादीवरून पोरांना उचललं आणि बेटांवर डांबलं. हारुलाला विचार शुद्ध असल्याचा सरकारी दाखला मिळाला नाही, म्हणून शाळेत नोकरीही मिळाली नाही. ती लाँड्रीत इस्त्री करू लागली. पण खरा घाव निराळाच होता. तिचा होणारा नवरा अनेस्तिस तीन आठवड्यांत सुटून आला आणि यानंच चुगली केली असं गाव बोलू लागलं.

ते बोलणं सुरू कुणी केलं, हे मी याच कानांनी ऐकलंय. “कोटाचं माप घेता घेता मीच तिला म्हटलं, साहेब,” वलासिस हसत सांगत होता, “की पोरी, जो लवकर सुटला त्याला विचार, का सुटलास म्हणून.” हवालदारानं माझ्यात नोंद केली : साखरपुडा मोडला. मला तेव्हा किंचाळायचं होतं, पण फाईलला तोंड नसतं.

अनेस्तिस मेलबर्नला निघून गेला आणि तिथेच वारला.

१९८९ साली, जुनी वैरं मिटावीत म्हणून, सरकारनं आम्हा सगळ्या फायलींना पोलादाच्या भट्टीत जाळायचा हुकूम काढला. पोत्यात कोंबताना एका कारकुनानं माझ्यावरचं नाव ओळखलं. त्याचे शर्ट हारुलाच इस्त्री करत असे. त्यानं मला कोटाखाली लपवून तिच्याकडे पोचवलं.

तिनं मला इस्त्रीच्या टेबलावर उघडलं. यादीत पहिलंच नाव अनेस्तिसचं होतं. ती त्या नावावर हात ठेवून रडली. मग तिनं नावं मोजली. तेरा. चमचे चौदा. त्या दिवशी कोण कोण आलं होतं ते तिनं बोटांवर आठवलं आणि यादीत नसलेला एकटा पाहुणा तिला सापडला.

हारुलानं घाई केली नाही. ती अकरा फेब्रुवारीपर्यंत थांबली.

वलासिसचं घर पाहुण्यांनी भरलं होतं. पाद्रीबुवाही आले होते.

“ये पोरी, ये! किती वर्षांनी!”

“नामदिनाला आमंत्रण लागत नाही ना, काका?”

“छे गं! मुरांबा घे.”

“नंतर घेते. आधी हे ऐका सगळ्यांनी.” तिनं मला उघडून ते पान खणखणीत आवाजात वाचलं. “नावं तेरा, काका. आईचे चमचे कधी चुकले नाहीत. चौदावा कुणी खाल्ला?”

वलासिसच्या बायकोनं तबक टेबलावर ठेवून नवऱ्याकडे पाहिलं.

“जुनं आहे गं ते,” तो पुटपुटला. “पोटासाठी माणूस काय काय करतो.”

“अनेस्तिसचं नाव कशासाठी घातलंत माझ्या कानात? नाव लिहा तुमचं. इथे, चौदावं.”

त्यानं लिहिलं. त्याच्याच हातचं ते नाव माझ्या अंगावर उमटलं, तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पाद्रीबुवांनी भरलेला चमचा तसाच खाली ठेवला आणि ते उठले. मागोमाग सगळे उठले. दार सताड उघडं होतं, पण आत कुणी येईना.

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, ओलीपासून जपा आणि जाळू तर मुळीच नका. दर अकरा फेब्रुवारीला हारुला मला वलासिसच्या दारासमोरच्या आपल्या खिडकीत त्याच पानावर उघडी ठेवते. अनेस्तिसला हे कळायला हवं होतं, ते कळलं नाही. आता वलासिसला तरी ते विसरू देऊ नका.