भैय्याजींचं यान संशोधन मंडळ

"बाबा, मले लग्न नाई करायचं. मले दुकान पाह्यचं आहे." असं मी सकाळच्या चहाला, वडिलांच्या समोर बसून, स्पष्ट आवाजात सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "आचल, हे तं झालं वरवरचं. खरं कारण काय आहे?"

माझे वडील, भैय्याजी, जन्मापासून असे नव्हते. तळेगावात आमचं ठिबकच्या नळ्या आणि पाइपांचं दुकान आहे. आजूबाजूला संत्र्याच्या बागा, त्यामुळे गिऱ्हाईक असतं. बी.कॉम. झाल्यापासून गल्ल्यावर मीच बसते. बाबा देवाला अगरबत्ती लावतात आणि मोबाइल उघडतात. त्या मोबाइलात 'यान क्रमांक नऊ' ही मालिका शिरली आणि चांगला माणूस कामातून गेला.

मालिकेत तारा नावाची एक बाई मोडकं यान घेऊन अंतराळात फिरते. पहिल्याच भागात ती म्हणते, "मी पृथ्वीवर परत जाणार नाही. मला हे यान चालवायचंय." एवढं ऐकल्यावर कुणालाही कळावं की बाईला यान चालवायचंय. पण बाबांनी भूपेंद्र सर आणि निकेशला धरून व्हॉट्सअॅपवर 'यान संशोधन मंडळ, तळेगाव' स्थापन केलं. सर भूगोल शिकवून निवृत्त झालेले, निकेशचं शेजारी खताचं दुकान. दर रविवारी दुपारी तिघं आमच्या घरी नवा भाग पाहायचे आणि आठवडाभर दुकानाच्या पायरीवर त्याचा कीस काढायचे. तारा यंत्र आहे, कारण ती पापणी लववत नाही. तारा शत्रूची हेर आहे, कारण तिचा पेला निळा आहे. सरांचं मत पडलं, "तिचं कोणीतरी आहे दुसऱ्या ग्रहावर. नाईतं बाई एकटी यान काऊन चालवन?" सरांचा एक नियमही होता. लेखक जे सरळ सांगतो, ते फसवायला सांगतो. हा नियम बाबांनी घरातही लागू केला.

मी सरळ सांगितलं होतं. म्हणजे मी फसवत होते.

हिंगणघाटच्या सिमेंट व्यापाऱ्याच्या मुलाशी माझं जमवलं होतं, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीखही निघाली होती. मुलगा वाईट नव्हता. पण "आमच्या घरची सून दुकानाची पायरी चढत नाही," हे त्याच्या आईने पोहे खाता खाता सांगून टाकलं. मी नाही म्हटलं. घरात म्हटलं, दुकानात म्हटलं, आत्यासमोरही म्हटलं. आईला पटलं होतं. ती बाबांना म्हणाली, "पोरगी एवढी सांगून राह्यली, ऐका ना तिचं." बाबा म्हणाले, "तू नुसतं बोलणं ऐकते. मांगचं पाह्य जरा."

मग मंडळाचं संशोधन ताराला सोडून माझ्याकडे वळलं. मी हिरवी ओढणी का घेतली? फोनचं कव्हर का बदललं? जुनं फुटलं म्हणून बदललं, असं मी सरळ सांगून बसले, आणि तिथेच फसले. शेवटी निकेशने शोध लावला. कुरिअरवाला पियुष दुकानात पार्सल घेऊन येतो, तेव्हा माझ्याशी बोलताना खाली पाहतो.

"खाली पाह्यते म्हंजे?" बाबांनी विचारलं.

"भैय्याजी, पोट्टा नजर चुकवून राह्यला!"

पियुष खाली पाहतो, कारण सही घ्यायचा कागद खाली असतो. हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, मंडळाने पियुषला गाठलं. "कधीपासून चालू आहे हे?" बाबांनी दरडावलं. तो बिचारा म्हणाला, "सकाळपासूनच, काका. आज पार्सल लय आहेत." त्याची आई पंचफुलाबाई तिथेच वांगी विकत बसली होती. ती तराजू टाकून उठली.

"माह्या पोराचं नाव घेता? अजी, तुमच्या पोरीच्या दुकानात जायचं म्हटलं तं त्याले घाम फुटते! पार्सल जरा लेट झालं की किती बोलते ती!"

सगळा बाजार हसला. बातमी हिंगणघाटला पोहोचली तेव्हा मात्र हसण्यासारखी राहिली नव्हती. सिमेंटवाल्यांनी फोनवर सांगितलं, "मुलीचं बाहेर काहीतरी आहे म्हणे," आणि साक्षगंध मोडलं. मला ते मोडायचंच होतं. पण माझ्या नकाराने मोडायचं होतं. मोडलं ते एका नसलेल्या मुलामुळे. गोदामात पाइपांच्या आड बसून मी रडले, दुःखाने नाही, संतापाने.

त्याच रविवारी मालिकेचा शेवटचा भाग होता. आईने चिवडा दिला. तिघं सोफ्यावर पुढे सरकून बसले. पृथ्वीवर परत नेणारं दुसरं यान आलं, दार उघडलं. तारा त्याला नाही म्हणाली, आपल्या खुर्चीत जाऊन बसली आणि यान सुरू केलं. संपलं. ना यंत्र, ना हेर, ना दुसऱ्या ग्रहावरचं कोणी.

"सरासर धोका आहे हा," भूपेंद्र सर म्हणाले.

बाबा तर उठून उभे राहिले. "अरे, हे तं तिनं पहिल्याच भागात सांगतलं होतं! मंग इतके दिवस आपण काय पाहून राह्यलो?"

मी दारात उभी होते. "बाबा, मी पण पहिल्याच भागात सांगतलं होतं."

निकेशचा चिवड्याचा हात तोंडाशीच थांबला. बाबा माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते, मी पाहिलं. मला वाटलं, पोहोचलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकानाच्या चाव्या माझ्या हातावर ठेवल्या. "घे. आजपासून दुकान तुह्यं." मी त्यांच्या पाया पडले. आई पदराने डोळे पुसत होती. मी ओट्यावर चप्पल घालत होते, तेवढ्यात खिडकीतून बाबांचा दबका आवाज आला. ते फोनवर होते.

"हाव सर, देल्ली चावी. मोकळी सोडली तिले. आता तो जो कोणी असन तो येईनच ना दुकानात! आपण समोरच्या टपरीवर बसू. निकेशले घेऊन या."

चाव्या परत आत नेऊन त्यांच्यासमोर आपटाव्यात, असं मनात आलं. आपटल्या नाहीत. विश्वास मिळाला नव्हता, पण दुकान मिळालं होतं, आणि ते मी सोडणार नव्हते. मी जाऊन शटर वर केलं.

समोर टपरीवर तिघं चहा घेऊन बसले. पहिलं गिऱ्हाईक आलं, तोंडात दात नसलेले एक म्हातारे शेतकरी. मी गिऱ्हाइकाकडे बघून हसत नाही, हे अख्ख्या तळेगावला माहीत आहे. त्या दिवशी मी तोंडभर हसले. "या ना काका, बसा. पाणी घ्या." म्हाताऱ्यांनी दचकून मागे वळून पाहिलं. टपरीवर निकेशने घाईने मोबाइल काढला. मग जो आला त्याच्याकडे मी हसले. माझ्या हसण्याची चर्चा झाली आणि बघायला म्हणून आलेले लोकही काहीतरी घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत तालुक्यातल्या निम्म्या संत्रावाल्यांवर मंडळाचा संशय होता.

शटर ओढायच्या वेळी बाबा रस्ता ओलांडून आले. चहा पिऊन पिऊन थकलेले दिसत होते.

"आचल, आता तरी खरं सांग."

"खरं सांगू, बाबा? नळ्या संपल्या. उद्या मालाची गाडी मागवा लागते."

बाबांनी डोळे बारीक केले. "गाडीवर ड्रायव्हर कोण आहे?"