चष्म्याचे स्थलांतर

रसायनशास्त्राच्या निवृत्त मास्तरांना स्वतःच्याच स्मरणशक्तीचा संशय येऊ लागला होता. खुर्चीशेजारी ठेवलेला चष्मा स्वयंपाकघरात सापडे, तर पाण्याची बाटली गॅलरीत. थोरल्या भावाचे विस्मरण असेच चष्म्यापासून सुरू झाले होते आणि शेवटी तो पोटच्या मुलांनाही ओळखेनासा झाला होता. म्हणून मास्तर कोणाजवळ चकार शब्द बोलले नाहीत. मात्र पुराव्यावाचून स्वतःलाही दोषी धरायचे नाही, हा त्यांचा जुना बाणा. एके दुपारी त्यांनी चष्म्याच्या घराला खडूची पूड चोळली, हात स्वच्छ धुतले आणि खुर्चीत डोळे मिटले.

डुलकी मोडली तेव्हा चष्मा गायब होता. त्यांनी आपले तळहात उलटसुलट तपासले. ते स्वच्छ होते. स्वयंपाकघरात सूनबाईची बोटे मात्र पांढरी दिसली.

"चोर सापडला! मला वेड्यात काढायचा बेत आहे का?"

"चोर म्हणा, काहीही म्हणा, बाबा. सकाळी खुर्चीत बसता ते जेवायलाच उठता. सलग बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. नुसतं सांगून ऐकलं असतंत?"

"पुरावा मागितला असता."

"म्हणूनच चष्मा हलवला."

मास्तरांच्या छातीवरचा धोंडा उतरला, पण चेहऱ्यावर त्यांनी तसे दिसू दिले नाही. चष्मा घेऊन खुर्चीत परतल्यावर त्यांना आठवले, की मघाशी उठताना आपण हात टेकलाच नव्हता. एरवी हातांचा रेटा दिल्याशिवाय गुडघे दाद देत नसत.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढणे अशास्त्रीय, असे स्वतःला बजावत ते उठले आणि चष्मा पुन्हा स्वयंपाकघरात ठेवून आले.