मी टेबलक्लॉथ नाही!

मी एक जुनी जर्सी आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. जुन्या वस्तूंनी गोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असते, ठाऊक आहे मला. आज जमणार नाही.

माझं गाव स्टोनी कूली. बर्फाळ सास्काचेवान प्रांतातल्या गव्हाच्या माळावरचं. इथल्या पोरांचा बर्फावरच्या हॉकीचा संघ म्हणजे थ्रेशर्स, आपले मळणीवाले. माझ्या छातीवर गव्हाची पेंढी आहे, पाठीवर चौदा आकडा आहे आणि खांद्याजवळ कप्तानाचं अक्षर आहे. कमरेच्या घेरावर लाल-काळ्या फुल्यांचा पट्टा आहे. तो पारास्का बाबांनी सुईनं भरला. बाबा म्हणजे आजी. आमच्याकडे आजीला असंच म्हणतात, हसू नका. सगळा संघच त्यांना बाबा म्हणतो. पहिली जर्सी शिवताना त्या गुणगुणत होत्या,

सुई गं माझी सई, वाट काढ बाई,
लालाच्या पाठीमागं काळा धागा जाई.

सगळ्या संघाच्या कमरेला असलेला तो पट्टा नुसता नटायला नाही. रबरी चकती काठीनं पळवताना पोराची मान खाली असते. समोरच्याची छाती त्याला दिसत नाही, कंबर तेवढी दिसते. डोळ्याच्या कोपऱ्यात लाल-काळं हललं की तो चकती तिकडं ढकलून मोकळा होतो. आपला गडी आहे!

किती कप्तान माझ्यात वाढले! घामानं भिजले मी, कोपराशी उसवले, रक्ताचे डाग पडले. सगळं सोसलं. कपडे बदलायची खोली कितीही पसरलेली असो, माझी पेंढी कधी जमिनीला लागली नाही. तशी रीतच आहे. पेंढीवर पाय पडला तर नवख्या पोरालासुद्धा पाठीत धपाटा बसतो.

मग यंदा ती स्पर्धा आली. कुमार संघांतली सर्वांत देखणी जर्सी कोणती? अंतिम फेरीच्या पाचांत आम्ही होतो आणि परीक्षक आमच्याच गावी येणार होते. संघाच्या अध्यक्ष ग्लेंडाबाई सावात्स्की यांनी बजावलं, "पहिल्या तीनांत आलो तर हीच जर्सी राहील. नाहीतर नवीन चित्र तयार आहे माझ्याकडे. लांडग्याचं."

परीक्षकांचे म्होरके विकहॅमसाहेब. शहरात जाहिराती करतात. मला दोन बोटांत धरून म्हणाले, "हे काय, टेबलक्लॉथ?"

बाकीचे दोघे हसले. मागच्या बाकावरून पारास्का बाबा पुटपुटल्या, "माझ्या टेबलाशी बसायचं तर आधी हात धुवावे लागतात म्हणावं."

"पोरांना आता दात लागतात, दात! जर्सी कशी अंगावर आली पाहिजे," साहेब म्हणाले.

कप्तान नेस्टर कोस्टिन्यूक ओठ फाकवून म्हणाला, "दात आमच्याकडे कमीच उरलेत, साहेब." पुढचे दोन चकतीनं नेलेले. पोरं खिदळली. साहेबांनासुद्धा हसू आलं. परीक्षकांतल्या एकीनं माझा पट्टा निरखून मान डोलावली. वारा फिरत होता, मित्रांनो! ग्लेंडाबाईंनी परीक्षकांच्या गुणांच्या कागदात डोकावून नेस्टरच्या कानात सांगितलं, "दुसरे आहोत आपण. आता तोंड मिट."

तेवढ्यात साहेबांना, बरोबर आणलेल्या चार आणि मी, अशा पाची जर्स्यांचा एकत्र फोटो हवा झाला. "पसरा खाली."

खाली. जमिनीवर. ग्लेंडाबाईंना रीत पाठ होती. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मी गार फरशीवर पडले, पेंढी वर करून. साहेब मोबाईल उंच धरून मागे सरकले आणि त्यांचा बूट माझ्या छातीवर आला. बुटाला बर्फाचा चिखल होता.

"साहेब, पाय," नेस्टर म्हणाला.

"काय?"

"पाय काढा."

"अरे, कापड आहे ते! धुता येतं."

नेस्टर खाली बसला. त्यानं तो बूट दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला, जणू दारातला दगड. मग मला जाड कोटावरूनच अंगात चढवलं, चिखलासकट. "आमचं नाव काढा स्पर्धेतून."

"बावळटा!" ग्लेंडाबाई ओरडल्या. "एक शब्द गिळला असतास तर वाचली असती ती!"

"वाचून काय व्हायचं होतं तिनं?" पारास्का बाबा उठत म्हणाल्या. "पायपुसणं?"

खरं सांगू? क्षणभर मला नेस्टरचाही राग आला. मला जगायचं होतं रे! पण त्याची छाती माझ्या आत धाडधाड उडत होती. त्या छातीवर कसं रागवायचं?

पोरं आता लांडगा घालून खेळतात. लांडग्यावर माझा राग नाही, त्यालाही घाम गाळायचाच आहे. माझा राग या काचेवर आहे. हो, मला काचेच्या कपाटात टांगलंय, वर दिवा लावलाय आणि खाली पितळी पाटी ठोकलीय, 'आमचा अभिमान'. ज्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, त्यांनीच ती ठोकली. येणारे-जाणारे म्हणतात, किती छान जपलीय!

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हांला शाळेत शिकवतात. मी उलटं सांगते. मला जपू नका. कपाटाची किल्ली ग्लेंडाबाईंकडे आहे, जाऊन मागा. नाही म्हणाल्या तर पुन्हा मागा. गावामागचं तळं गोठलंय, तिथं न्या मला. ज्याला नीट घसरताही येत नाही, त्या पोराच्या अंगात घाला. आपटू द्या त्याला. फाटेन मी.

फाटू द्या.