टेबलाखालची ड्यूटी

बंबकाका निवृत्त झाले होते, पण अंगातला बंब काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. उभी हयात अग्निशमन दलात गेलेली. गल्लीत कुणाची भाजी करपली तरी हे चपला शोधायला लागायचे. आणि अशा माणसाच्या घरात, खुद्द त्याच्या लेकीच्या टेबलावर, रोज एक लॅपटॉप तापायचा. तापायचा म्हणजे किती, तर मांडीवर घ्यायची सोय नाही. दोन मेल पाठवले की घरघर सुरू, आणि जरा जड काम काढलं की साहेब डोळे मिटून मोकळे.

मागच्या महिन्यात तर त्याने कहरच केला. लेक पुलांची डिझाइनं करते. एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत छान रंगात आली होती, तिने दाखवायला म्हणून ड्रॉइंग उघडलं आणि स्क्रीन काळी. तो परत सुरू होईपर्यंत ती माणसं पुढच्या उमेदवाराकडे गेलेली. लेक दोन दिवस धड जेवली नाही. आता दुसऱ्या कंपनीने बोलावलं होतं. काम परगावचं, पण खऱ्याखुऱ्या पुलाचं, तिला जसं हवं तसं. दुरुस्तीवाला म्हणाला, पंखा गेलाय, नवा यायला पुढचा आठवडा उजाडेल. मुलाखत उद्यावर आलेली. दुसऱ्या कुणाचा लॅपटॉप मागावा, तर ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर फक्त ह्याच महाशयांच्या पोटात.

"तू नुसतं बोल," बंबकाका म्हणाले. "आगीचं मी बघतो."

"बाबा, आग नाहीये ती."

"लागेपर्यंत कुठलीच आग नसते."

झालं, मोहीम ठरली. लॅपटॉपखाली दोन जाड पुस्तकं लावून मधे फट ठेवली. स्टीलची ताटं फ्रीजरमध्ये गार करायची, पुसून त्या फटीत सरकवायची, एक तापलं की दुसरं. फ्रीजपाशी आई, पॅसेजमध्ये मावशी, आणि टेबलाखाली स्वतः बंबकाका. त्यांचा हात स्क्रीनच्या मागून वर येणार, म्हणजे कॅमेऱ्याला पत्ता नाही. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, हे मावशीला दहादा बजावलं, कारण मावशी बहिणीकडे राहायला आली होती ती मुळी बोलायलाच. लेकीने एवढंच करायचं: लॅपटॉप तापल्यासारखा वाटला की पायाचा अंगठा जमिनीवर आपटायचा.

मुलाखत सुरू झाली. टेबलाखालून काकांना दिसत काय होतं, तर घरातल्या जुन्या पायजम्यातले लेकीचे दोन पाय. वर मात्र इस्त्रीचा शर्ट, थाट काही विचारू नका. नाव, शिक्षण झालं. मग एका बाईंचा आवाज आला, "ह्या पुलावर वाऱ्याचा जोर किती धरलाय तुम्ही?"

टक. काकांचा हात वर गेला, ताट बदललं. टक टक. पुन्हा बदललं. काका खूश. जुनी ड्यूटी परत मिळाल्याचा आनंद अंगात मावत नव्हता. पण टकटक काही थांबेना. मावशी स्वयंपाकघर ते टेबल अशी चवड्यांवर पळत होती, पळता पळता तिला हसू फुटलं आणि ते दाबता दाबता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईची ताटं संपली. तिने पातेल्यांची झाकणं पाठवली, मग फ्रीजरमधले मटार, पिशवीसकट. आता काय मीच फ्रीजमध्ये बसू, असा चेहरा करून ती दारात येऊन गेली.

टक टक टक टक.

काकांनी हातातलं ताट बघितलं. आत्ताच लॅपटॉपखालून काढलेलं, आणि तरी गारेगार. चपापून त्यांनी लॅपटॉपला हात लावला. तो माठासारखा थंड. पाय मात्र गुडघ्यापर्यंत थरथरत होता, आणि वरून लेकीचा आवाज येत होता, "म्हणजे ते... मी असं... म्हणजे..."

तेव्हा कुठे काकांची ट्यूब पेटली. लहानपणी दवाखान्यात सुईची वाट बघताना हाच पाय असाच नाचायचा. लॅपटॉप कसला तापतोय, पोरगी घाबरलीय. घाबरलेली माणसं शिडीवरून उतरवताना आपण खाली राहायचं आणि वरच्याचा पाय हातात धरायचा, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि लेकीचा पाय घट्ट धरला.

पाय थांबला.

"मी परत सांगते," लेक म्हणाली. आणि मग जी बोलत सुटली ती सुटलीच. वारा, नदी, खांब, सगळं. काकांना त्यातलं निम्मंही कळलं नाही, पण त्यांना वाटत होतं की हिने थांबूच नये.

आता पंचाईत अशी, की तिकडे लॅपटॉप खरोखरीच घरघरायला लागला आणि काकांचा एक हात अडकलेला. त्यांनी भुवयांनी मावशीला खुणा केल्या. मावशीला त्यातलं काही उमजेना, म्हणून ती रांगत टेबलाखाली शिरली. ताटांची मागणी एकाएकी बंद का झाली म्हणून आई बघायला आली, तीही शिरली. तिघं एकमेकांच्या कोपरांत, मटारची पिशवी मधोमध, आणि एकमेकांकडे बघायचीसुद्धा चोरी.

"आम्हाला तुम्ही पसंत आहात," वरून बाईंचा आवाज आला. "एक तारखेपासून येऊ शकाल?"

"अगंबाई, लागली नोकरी," मावशी म्हणाली.

आईने तिचं तोंड दाबलं, पण उशीर झाला होता.

"तिथे आणखी कुणी आहे का?"

"आहे," लेक म्हणाली. "अख्खं घर आहे. टेबलाखाली. आणि हो, येते मी एक तारखेपासून."

पलीकडून हसण्याचा मोठा लोट आला, आणि त्या हसण्याच्या मध्यावरच लॅपटॉपने मान टाकली. आता खुशाल टाक म्हणावं. मावशी बाहेर पडली आणि मघापासून साठलेलं सगळं एका दमात बोलायला लागली. आई डोळे पुसत फुटलेल्या पिशवीतले मटार गोळा करत होती. लेक हसत होती, रडत होती, उठायला बघत होती, पण उठता येत नव्हतं.

तिने वाकून टेबलाखाली पाहिलं.

"बाबा, पाय सोडा आता. जायचंय मला."

"हो, सोडतो की," बंबकाका म्हणाले, आणि आणखी थोडा वेळ तसेच धरून बसले.