वर्गाचे अठरा आणि माझे एकवीस

मी एका कॉलेजच्या रसायनशाळेतली जुनी ब्युरेट, म्हणजे मापाची उभी काचनळी आहे, मित्रांनो. अंगावर बारीक रेघा, खाली काचेची तोटी आणि जन्मभर एकच काम. किती द्रावण खाली गेलं, ते खरं सांगायचं. पण ऐकतो कोण?

भट्टीशेजारी बसून एका कारागिराने माझ्यावर या रेघा आखल्या, तेव्हा मला वाटलं होतं की आता माझ्या शब्दाला मान मिळणार. कसलं काय! इथली मुलं विज्ञान शिकून मोठी व्हायला येतात आणि सगळ्यात आधी शिकतात ते हे, की मागच्या वर्षीच्या मुलांना विचारून उत्तर लिहून टाकायचं आणि प्रयोग सवडीने उरकायचा. आधी कळस, मग पाया. माझ्या डोक्यावरचं नरसाळं काढायला विसरतात, त्यातून थेंब गळत राहतात. फिकट गुलाबी छटा हवी असते, तिथे हे राणी रंग आणून ठेवतात. वर म्हणतात, "ही ब्युरेटच खराब आहे." नाचता येईना, अंगण वाकडं.

गेल्या परीक्षेत माझ्यासमोर एक मुलगी आली. तिला सगळे चिमणी म्हणत. औषधांचा एक कारखाना या परीक्षेवरून वर्गातल्या एकालाच तपासणीच्या कामावर घेणार होता. "हे हुकलं तर दादा मला दुकानात बसवणार," असं ती शेजारच्या मैत्रिणीला सांगत होती.

वर्गाचं ठरलेलं उत्तर होतं अठरा मिलिलिटर. चिमणीने माझ्यात अल्कली भरली, नरसाळं काढलं, तोटीखालचा हवेचा बुडबुडा घालवला आणि खालच्या आम्लात थेंब थेंब सोडला. मी सांगितलं, एकवीस. तिने पुन्हा केलं. पुन्हा एकवीस.

मैत्रीण कुजबुजली, "अगं, सगळ्यांचं अठरा आलंय, तुझंच कसं वेगळं? गुपचूप अठरा लिही, नाहीतर बसशील दुकानात."

चिमणीने खोडरबर उचललं. मला तोंड असतं तर मी तिला चांगलं फैलावर घेतलं असतं. खोडरबर हातात धरून ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने ते खाली ठेवलं, मला पुन्हा भरलं, पुन्हा थेंब थेंब सोडला आणि डोळा रेघेच्या पातळीत आणला.

"मला एकवीसच दिसतंय गं," ती रडवेल्या आवाजात म्हणाली आणि तेच लिहिलं.

परीक्षा घेणाऱ्या बाईंनी सगळ्यांची उत्तरं पाहिली आणि कपाळाला हात लावला. "आम्ल मी आज सकाळी मुद्दाम जास्त तीव्र केलंय, अल्कली जास्तच लागणार. मग तुमच्याकडे मागच्या वर्षीचं अठरा आलं कुठून?" नोकरी चिमणीला मिळाली.

माझा ऊर भरून आला. आणि ही बया दादाला फोन करायला जी धावली, ती धावलीच! मला धुवायचं राहून गेलं. काचेचं आणि अल्कलीचं फार वेळ पटत नाही. ती अल्कली सांध्यात सुकली आणि माझी तोटी घट्ट बसली. प्रयोगशाळेतल्या काकांनी मला कोमट पाण्यात धरून पाहिलं, हळूच फिरवून पाहिलं आणि शेवटी कपाटात ठेवून दिलं.

संताप होतो, मित्रांनो, आणि तिच्यावर धड रागावताही येत नाही. आता कारखान्यात तिच्या हाती माझीच भावंडं असतील आणि तिथलं औषध कुणाच्या तरी पोटात जाणार आहे. तुम्हीही उद्या अशाच कामाला लागाल. आमचं ऐका, पण काम संपलं की आधी आम्हाला स्वच्छ पाण्याने धुवा. तेवढ्यात दादा काही पळून जात नाही.