खळ्यावरचा सराव

शून्य. दोन. शून्य. एक.

मेहकरच्या क्रिकेट संघाचा कप्तान लक्ष्मीकांत, कचेरीतला कारकून. या हिवाळ्यातल्या चार डावांची त्याची एवढीच कमाई. आज गाठ बुलढाण्याशी होती.

"कप्तानसाहेब, आज अकराव्या नंबरले जा," संघातला शेतकरी उत्तमराव म्हणाला. "इज्जत तरी राहीन."

"काऊन बे? मी पह्यलाच जातो."

रोज सकाळी तो उत्तमरावाच्याच खळ्यावर सराव करायचा. शेणानं सारवलेल्या त्या जमिनीवर चेंडू सरपटत यायचा, म्हणून लक्ष्मीकांत वाकून खेळायला शिकला. सामने मात्र काथ्याच्या चटईवर होत. आज चटईचे खुंटे ठोकून झाल्यावर उत्तमरावानं चेंडू तिच्यावर जोरात आपटून पाहिला आणि तो थेट छातीपर्यंत उसळला. तेव्हा कुठं लक्ष्मीकांतला वाकून खेळण्यातली आपली चूक कळली.

सलामीला गेल्यावर तो ताठ उभा राहिला. पहिलाच चेंडू बरगडीत बसला.

"ये आता वापस!" उत्तमराव सीमेवरून ओरडला.

लक्ष्मीकांतनं बरगडी चोळलीसुद्धा नाही. दुसरा चेंडू तसाच उसळला. त्यानं बॅट आडवी फिरवली. चेंडू उत्तमरावाच्या डोक्यावरून कपाशीच्या पऱ्हाटीत जाऊन पडला.

"उत्तमराव," तो ओरडला, "तुहं खळं आता जवारीलेच ठेव!"