लाल की हिरवं

मुलांना प्रश्न विचारला की ती लगेच उत्तर देत नाहीत. आधी विचारणाऱ्याकडे नीट बघतात. हा खरंच विचारतोय, की याला उत्तर आधीच ठाऊक आहे, याचा अंदाज घेतात. खात्री पटली की मग बोलतात. मास्तरांचं नाटक या एवढ्याशा गोष्टीवर उभं होतं.

नाटकात मास्तर पोस्टमन होत. पिशवीत एक पार्सल, पण त्यावरचा पत्ता पावसात धुऊन गेलेला. समोर दोन दारं, एक लाल, एक हिरवं. मास्तर पुढे येत, टोपी काढत आणि विचारत, "बाळांनो, कुठलं दार वाजवू?" लाल दारामागे नाटक मंडळीतली मावशी, पार्सलाची वाट बघून थकलेली म्हातारी झालेली. हिरव्यामागे राक्षस, ज्याला जन्मात कुणी काही पाठवलेलं नाही. मुलं सांगतील ते दार उघडायचं आणि पुढचं नाटक त्या वाटेनं न्यायचं. दोन्ही वाटा पक्क्या बसवलेल्या होत्या. उत्तर येईपर्यंत मात्र मंचावरच्या प्रत्येकानं पुतळा व्हायचं. पापणीसुद्धा हलवायची नाही.

"तुम्ही चुळबुळ केलीत," मास्तर नवीन नटांना सांगत, "की पोरांना कळतं, यांना घाई आहे. मग ती बोलत नाहीत."

कधी कधी फार वेळ लागे. सगळं नाट्यगृह गप्प. मग मागून कुठून तरी एक बारीक आवाज येई आणि पाठोपाठ सगळी मुलं ओरडू लागत.

पण आता मुलंच येत नव्हती. पुढच्या एक-दोन रांगा भरायच्या, मागे नुसत्या खुर्च्या. शाळांनी सहली बंद केल्या होत्या आणि आईबापांना सुटीच्या दिवशी घराबाहेर पडायचा कंटाळा. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी गोडीत सांगून टाकलं होतं की या मोसमानंतर तारखा देता येणार नाहीत.

तेव्हा मास्तरांच्या लेकीनं ही नवी वाट काढली. मंडळीत सगळे तिला ताई म्हणत. प्रयोग नाट्यगृहातच करायचा, पण रिकाम्या खुर्च्यांसमोर. कॅमेरे लावायचे आणि लांबलांबच्या शाळांमधल्या वर्गांत तो त्याच वेळी पडद्यावर दिसेल. जिथे कधी नाटक गेलंच नाही, अशा शाळा. त्यांना आवडलं, तर दर महिन्याला प्रयोग, आणि मंडळी जगली.

"म्हणजे आम्ही टीव्हीत जाणार," मावशी म्हणाली. "या वयात! आधी सांगितलं असतंस तर दात बसवून घेतले असते."

"मावशी, तू दाराआडच बरी दिसतेस," प्रकाशयोजना बघणारा म्हणाला. त्याला सगळे फ्यूज म्हणत.

"तू दिवे लाव रे. तेवढं तरी नीट कर."

ताईनं वडिलांना बाजूला घेतलं. "बाबा, एक लक्षात ठेवा. तिकडच्या मुलांचा आवाज आपल्याला येणार नाही. इतक्या वर्गांचा गोंगाट एकदम आला तर कान फुटतील, म्हणून तो बंद असतो. तुम्ही विचारायचं, जरासं थांबायचं आणि सरळ लाल दाराकडे जायचं."

"आणि त्यांनी हिरवं म्हटलं तर?"

"या वेळी असू दे ना, बाबा."

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांना ते पटलं होतं, असं नाही. पण लेक किती दिवस फोनला चिकटून शाळाशाळांची मनधरणी करत होती, हे त्यांनी पाहिलं होतं.

प्रयोगाच्या दिवशी सुरुवात झकास झाली. ताई विंगेत कॉम्प्युटरपुढे बसली होती. प्रत्येक वर्गाचा एक चौकोन, आणि चौकोनात दाटीवाटीनं बसलेली मुलं. इतके प्रेक्षक मंडळीनं एका वेळी कधीच पाहिले नव्हते.

मास्तर पुढे आले. टोपी काढली. "बाळांनो, कुठलं दार वाजवू?"

आणि थांबले.

सवयीनं सगळे पुतळे झाले. फ्यूजनं दिवा स्थिर धरला. समोर काळोख आणि त्यात काहीच नाही. ताईनं हात केला. मास्तरांना तो दिसला. तिनं लाल दाराकडे बोट दाखवलं, तेही दिसलं. काय करायचं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण अजून कुणी बोललं नव्हतं, आणि पाय काही केल्या उचलेना. आता बोलेल कुणी, त्यांना वाटत होतं. मुलांना वेळ लागतो.

कॉम्प्युटरवरचा एक चौकोन काळा झाला. मग आणखी एक. मग भराभर.

ताई तशीच उठून मंचावर आली. "बाबा, गेले सगळे."

"कुठे गेले?"

"त्यांना वाटलं, चित्र अडकलं. बंद करून टाकलं."

मावशीनं दार किलकिलं करून डोकं बाहेर काढलं. मग तिनं ते पुन्हा लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात ताई वडिलांना घेऊन त्यातल्या त्यात जवळच्या एका शाळेत गेली. माफी मागावी आणि पुन्हा एक संधी मिळते का बघावं, एवढाच हेतू. वर्गाच्या बाई भल्या होत्या.

"अहो, मुलांनी शाळा डोक्यावर घेतली होती," त्या म्हणाल्या. "लाल, लाल, नुसता धुमाकूळ. तुम्ही हलेचनात. मला वाटलं, मशीन बिघडलं."

पुढच्या बाकावरची मुलगी मास्तरांना निरखत होती.

"तुम्हीच ते पोस्टमन?"

"हो गं."

"मी सगळ्यांत आधी सांगितलं होतं. तुम्ही ऐकलंच नाही."

"नाही ऐकू आलं, बाळ."

"मग विचारलं कशाला?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. बाईंनी तिला गप्प केलं आणि त्या ताईकडे वळल्या. "एक सुचवू? शाळांना सरळ चित्रफीतच द्या. एकदा नीट करून ठेवा. आम्ही तासाच्या सोयीनं लावू. तेवढी ती थांबायची जागा काढा."

"मग आम्ही?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हाला कशाला दर वेळी त्रास?" बाई मनापासून म्हणाल्या.

चित्रफितीत दोन दारांची सोय नव्हती. कॅमेरावाला म्हणाला, लाल रंग भडक येतो, हिरवं घ्या. मावशीला निरोप गेला की येऊ नकोस. फ्यूजनं लाल दार उचलून भिंतीला लावलं.

मास्तरांनी टोपी काढली, प्रश्न विचारला आणि थांबले. "कट," कॅमेरावाला म्हणाला. पुन्हा विचारला, पुन्हा थांबले. मग ताई त्यांच्याजवळ आली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. प्रश्न संपला, तसं तिनं त्यांना हलकेच पुढे लोटलं.

"एवढा हात दिसणार नाही, काढून टाकू," कॅमेरावाला म्हणाला.

चित्रफीत शाळांना फार आवडली. जिथे कधी नाटक गेलं नव्हतं, तिथे ती गेली. नव्या शाळेची मागणी आली की ताई वडिलांना सांगायची, आणि ते "छान झालं" म्हणायचे. एकदा मात्र त्यांनी विचारलं,

"त्या पोरीच्या शाळेतही लावली का गं?"

"लावली ना. सगळ्यांत आधी."

"काही म्हणाली का ती?"

"नाही, बाबा," ताई म्हणाली. "बाई सांगत होत्या, आता वर्ग अगदी शांत बसतो."